लिस्बनचा 24 तासांचा पास, आईचे गुडघे आणि काहीच न ठरवता चार दिवस

आधी सांगते रिव्ह्यू कशाचा आहे ते. लिस्बनमध्ये बस, ट्राम, मेट्रो आणि चढावरच्या त्या छोट्या ट्रॉलीसारख्या गाड्या, सगळ्यांना मिळून 24 तासांचा एकच पास निघतो, साधारण 7 युरोला. आम्ही चार दिवसांत माणशी तीन वेळा तो घेतला आणि पुरेपूर वसूल केला. पण नुसता पास चांगला की वाईट असं सांगून उपयोग नाही, कारण ज्यांचं सकाळी नऊला हे, अकराला ते असं सगळं ठरलेलं असतं त्यांना कदाचित सुट्टी तिकिटंच स्वस्त पडतील. हा पास कामाचा आहे तो सकाळी उठल्यावर आज कुठे जायचं हेच ज्यांना माहीत नसतं त्यांच्यासाठी, आणि आम्ही मुद्दाम तसेच गेलो होतो.

मी असते श्टुटगार्टला, आई वसईला. आई 64 वर्षांची, तब्येत ठणठणीत पण उजवा गुडघा त्रास देतो, सपाटीला काही नाही पण उतरताना दुखतो. दोन वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा मी तिला पॅरिसला नेलं होतं आणि तेव्हा सगळं बुक करून ठेवलं होतं, दिवसाला पाच-सहा ठिकाणं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आई एका पायरीवर बसली आणि म्हणाली, "मला आता काही दाखवू नकोस गं, मला जरा इथे बसू दे." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून या वेळी, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात, लिस्बनचं विमान आणि ग्रासा भागातली एक खोली एवढंच बुक केलं आणि बाकी आईवर सोडलं. रोज सकाळी दाराबाहेर आलं की आई ठरवणार डावीकडे की उजवीकडे, दमलो की जी पिवळी गाडी येईल तिच्यात बसायचं, बस एवढाच नियम.

आता ज्यांनी लिस्बन बघितलं नाही त्यांना वाटेल की गुडघा दुखणाऱ्या बाईला टेकड्यांच्या शहरात कशाला नेलंस. सात टेकड्यांचं शहर म्हणतात आणि मला तर सातापेक्षा जास्तच वाटल्या. पण गंमत अशी आहे की शहर चढाचं असल्यामुळेच चढ वाचवायच्या सोयी तिथे जागोजागी आहेत, पास खिशात असला की चढ गाडीने आणि उतार पायी असं करता येतं, आणि आईच्या गुडघ्यासाठी आम्ही बरोबर उलटं केलं, चढायचं पायी हळूहळू आणि उतरायचं ट्रामने. हे एकदा जमलं की शहर अगदी आपलं होऊन जातं.

पासचं तांत्रिक सांगून टाकते. मेट्रो स्टेशनवरच्या मशीनमधून नावेगांत नावाचं कागदी कार्ड घ्यायचं, 50 सेंटला, आणि त्याच्यावर 24 तासांचा पास भरायचा. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघींनी टॅप करून चालत नाही. 24 तास मोजले जातात पहिल्या टॅपपासून, विकत घेतल्यापासून नाही, आणि तारीख बदलली म्हणून संपतही नाहीत, त्यामुळे दुपारी दोनला पहिला टॅप केला तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत फिरा. आम्ही हेच केलं, सकाळ पायी, दुपारनंतर पास सुरू, म्हणजे एका पासात एक संध्याकाळ आणि एक सकाळ दोन्ही येतात. अजून एक, या कार्डावर नुसते पैसे भरून प्रत्येक फेरीला कापून घ्यायची पण सोय आहे, पण पैसे आणि पास दोन्ही एकाच कार्डावर एका वेळी राहत नाहीत, एक संपलं की मगच दुसरं भरता येतं. आणि ट्राममध्ये चढून ड्रायव्हरकडे सुटं तिकीट घेऊ नका, एका फेरीला 3 युरोच्या वर जातात, दोनदा बसलात की पासाच्या जवळपास पोचलात.

आता 28 नंबरची ट्राम. सगळे हिच्याच मागे असतात. मार्तीं मोनीशपासून निघते, ग्रासा, आल्फामा, जुनं कॅथेड्रल, बाइशा, शियादो, एश्त्रेला असं करत पार काम्पू द ओरीकच्या कब्रस्तानापर्यंत जाते, लाकडी खिडक्या, पिवळा रंग, 1930 च्या दशकातले डबे, आणि काही गल्ल्या इतक्या अरुंद की खिडकीतून हात काढला तर समोरच्या घराची भिंत लागेल. फार सुंदर आहे, खरंच. पण मार्तीं मोनीशला सकाळी दहानंतर जी रांग असते ती बघून आम्ही सरळ पाठ फिरवली. तुम्हाला बसायचंच असेल तर दुसऱ्या टोकाने, काम्पू द ओरीककडून सकाळी लवकर चढा, खिडकीची जागा मिळते. आणि पर्स पोटाशी धरा, या ट्राममधले खिसेकापू प्रसिद्ध आहेत, विरार लोकलला चढताना धरतो तशी धरा म्हणजे झालं. आईला हे सांगावं लागलं नाही.

त्यापेक्षा मी 24 नंबर सुचवेन. कॅमोइश चौकातून सुटते, तीच जुनी लाकडी गाडी पण गर्दी खूपच कमी, आणि कांपोलिदपर्यंत जाते. आम्ही ही अशीच आली म्हणून बसलो, कुठे जाते ते माहीत नव्हतं. वाटेत एक प्रचंड दगडी कमान आली आणि आई म्हणाली इथे उतरू या. ती कमान निघाली शहराला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीची, 1748 पासून हिच्यातून पाणी येत होतं, आणि सात वर्षांनी भूकंपात अर्धं शहर पडलं तरी ही पडली नाही. पुढे आल्कांतरा खोऱ्यावर तिच्या 35 कमानी आहेत आणि सगळ्यात उंच 65 मीटरची. कमानीखाली लहानशी बाग आहे, आमोरेइराश म्हणजे तुतीची झाडं, एकेकाळी जवळच रेशमाचा कारखाना होता म्हणून लावलेली. बागेत चहा-कॉफीची टपरी. तिथे आम्ही दीड तास बसलो. दीड तास! पॅरिसला दीड तासात दोन म्युझियम झाली असती, पण आई शेजारच्या बाकावर नातवाला केळं भरवणाऱ्या आजीकडे बघत होती आणि ती आजी आईकडे बघून हसत होती, आणि मला वाटलं की याच्यासाठीच आलोय आपण.

या टपऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. लिस्बनच्या जवळपास प्रत्येक बागेत आणि चौकात लोखंडी नक्षीची छोटी सहा-आठ कोनी टपरी असते, कियोश्क म्हणतात, भोवती चार खुर्च्या, आणि युरो-दीड युरोत छोटी कडक कॉफी मिळते जिला तिथे बीका म्हणतात. वयस्कर माणसांबरोबर फिरताना बसायला जागा आणि बाथरूम या दोनच गोष्टींवर दिवस अवलंबून असतो, हे ज्यांनी आईवडिलांना फिरवलंय त्यांना सांगायला नको. बसायला जागा लिस्बन भरपूर देतं. बाथरूमचं तसं नाही, त्यासाठी एखाद्या कॅफेत बीका घ्यायची आणि तिथलंच वापरायचं, दुसरा उपाय नाही.

बाइशा म्हणजे खालचं सपाट शहर, तिथे मात्र भटकण्यात फार मजा नाही असं माझं मत. 1 नोव्हेंबर 1755, ऑल सेंट्स डेच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला, लोक चर्चमध्ये होते, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या, भूकंपामागून समुद्राची लाट आली आणि शिवाय कित्येक दिवस आग. त्यानंतर तेव्हाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल याने हा भाग नव्याने आखला, सरळ रेषेत रस्ते, घरांच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घातलेला म्हणजे पुढचा धक्का बसला तर घर हलेल पण पडणार नाही. एवढ्या जुन्या काळात असा विचार केला याचं खूप कौतुक वाटतं. रस्त्यांची नावं धंद्यांवरून, सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता, अगदी आपल्या जुन्या पेठांच्या आळ्यांसारखी. पण सरळ रस्त्यात हरवता येत नाही, आणि दुकानं सगळी टुरिस्टांची.

वाईट अनुभव आला तो पण बाइशातच. नाव लिहीत नाही, बाहेर उभं राहून बोलावतात तसल्या एका रेस्टॉरंटमध्ये बसलो, न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, छोट्या माशाची पेस्ट असं टेबलावर आणून ठेवलं, आईला वाटलं स्वागताचं आहे, आणि बिलात त्याचेच 11 युरो लावले. पोर्तुगालमध्ये ही पद्धतच आहे, याला कूव्हेर्त म्हणतात, हात लावलात तर पैसे, नको असेल तर सरळ परत न्यायला सांगायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. पण मेनूत किंमत लिहिलेली असायला पाहिजे, ती आम्हाला कुठेच दिसली नाही. साध्या, स्थानिक लोकांच्या ठिकाणी याच पावाचे एक-दीड युरो पडतात. तेव्हा बसल्यावर पहिला प्रश्न हा विचारा.

आल्फामा भूकंपातून बऱ्यापैकी वाचला, त्यामुळे तिथे ती जुनी, अरबांच्या काळातली गल्ल्यांची गुंतागुंत तशीच आहे, नावही अरबीच, गरम पाण्याचे झरे असा अर्थ. इथे नकाशा चालतच नाही, फोनवरचा निळा ठिपका भिंतीतून फिरत असतो. मी फोन बॅगेत टाकला. पायऱ्या, मग एक छोटं अंगण, मग बोळ, बोळातून अचानक खाली नदी दिसते, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, कुठून तरी लसूण परतल्याचा वास. आई एका खिडकीखाली थांबली, वरची बाई खिडकी पुसत होती आणि खालच्या बाईशी बोलत होती, त्यात 'जनेला' असा शब्द आला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "जनेल म्हणाली ना ती?" आईची आजी खिडकीला जनेलच म्हणायची.

तिथून जे सुरू झालं ते चार दिवस थांबलं नाही. आई दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. पांव म्हणजे पाव, साबांव म्हणजे साबण, शाव्ह म्हणजे चावी, बाल्द म्हणजे बादली, कोव्ह म्हणजे कोबी, अननस तर अननसच आणि बटाटा तर जसाच्या तसा. शाळेत कधीतरी वाचलेलं असतं की हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, पण वाण्याच्या दुकानात उभं राहून एकेका वस्तूवर बोट ठेवून आपल्या आईने ते ओळखणं हे वेगळंच. आडनावं पण, लोपीस, परेरा, गोन्साल्विस, आई म्हणते ही तर आपल्या वसईतलीच सगळी. 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, दोनशे वर्षं हे लोक आमच्याकडे होते, तर शब्द राहणारच. संध्याकाळी कॅथेड्रलच्या घंटा वाजायला लागल्या तेव्हा आईला नाशिकची नारोशंकराची घंटा आठवली, वसईच्या विजयाची आठवण म्हणून देवळावर टांगलेली, आणि ती बराच वेळ ऐकत उभी राहिली.

कार्मोला आम्ही असेच पोचलो, वाट चुकून. 1389 साली सुरू झालेला मठ, भूकंपात छत पडलं आणि परत बांधलंच नाही, नुसत्या दगडी कमानी आकाशाखाली उभ्या, जमिनीवर गवत. आत पाऊल टाकताच आई म्हणाली, "हे आपल्या किल्ल्यातल्या चर्चसारखं आहे." अगदी तसंच आहे, वसई किल्ल्यातली बिनछपराची चर्च ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल. बाहेरचा चौक पण लहानसा, जांभळी झालेली जकारांडाची झाडं, पाकळ्यांचा सडा. याच चौकात 25 एप्रिल 1974 ला लष्करातल्या बंडखोर तरुण अधिकाऱ्यांच्या तुकडीने शेजारच्या बराकीला वेढा घातला आणि आत लपलेल्या पंतप्रधानाला सत्ता सोडावी लागली, बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली ती हीच क्रांती. त्या बदलामुळेच डिसेंबर 1974 मध्ये पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे अधिकृतपणे मान्य केलं, 1961 ला गोवा मुक्त होऊनसुद्धा तेरा वर्षं मानायला तयार नव्हते. आणि नंतर याच लिस्बनचे महापौर झाले आंतोनिओ कॉस्ता, मूळ मडगावच्या घराण्यातले, पुढे देशाचे पंतप्रधानही.

सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नाही. तिसऱ्या दिवशी ग्रासाच्या चढावर फुटपाथ उकरलेला होता आणि एक माणूस बुटक्या स्टुलावर बसून फरशी बसवत होता. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे लहान लहान चौकोनी तुकडे, हाताने एकेक बसवलेले, रोसिऊ चौकात तर लाटांची नक्षी आहे, बघत चाललं तर जमीन हलल्यासारखी वाटते, ती 1840 च्या दशकाच्या शेवटची. तर हा माणूस डाव्या तळहातावर दगड घ्यायचा, उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने टक, टक, असे दोन घाव, दगड फिरवायचा, परत एक टक, आणि बरोबर पाहिजे तेवढा तुकडा तयार, तो बारीक दगडाच्या भुकटीत खोवायचा आणि हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकायचा. मोजमाप नाही, पट्टी नाही, सगळं तळहाताच्या अंदाजाने. आई दहा मिनिटं बघत उभी. मग न राहवून म्हणाली, "मेस्त्री, छान काम आहे हो." मराठीतच. आणि त्या माणसाने मान वर केली, कारण मेश्त्र हा त्यांचाच शब्द, त्याला तेवढाच कळला असणार. तो हसला, एक पांढरा तुकडा पँटला पुसून आईच्या हातात दिला, बघा म्हणून. एक बाजू गुळगुळीत, बाकीच्या फोडलेल्या आणि खरखरीत, उन्हाने कोमट झालेला. आईने तो उलटसुलट करून परत दिला आणि त्याने तो तिच्या समोरच बसवला. आता लिस्बनच्या एका फुटपाथवर आईने हातात धरलेला दगड आहे, आणि माझ्यासाठी त्या शहरात त्याच्याएवढं महत्त्वाचं दुसरं काही नाही. या कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून महापालिकेने 1986 मध्ये शाळा काढली म्हणे, ती कायम चालू राहो एवढंच वाटतं. फक्त एक, हे दगड लोकांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झालेत, उतारावर कोरडे असताना पण सटकायला होतं, चांगल्या पकडीचे बूट घ्याच, आईला मी निघण्याआधीच घेऊन दिले होते आणि ते पैसे सगळ्यात सत्कारणी लागले.

खाण्याचं. पास्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, सगळ्यांना माहीत आहेत, बेलें भागातल्या दुकानातले 1837 पासूनचे, खरंच छान आहेत, पण आमच्या खोलीजवळच्या बेकरीतले सकाळी साडेआठला गरम मिळायचे ते मला जास्त आवडले. कॅफेच्या काचेत समोसे दिसले तर दचकू नका, शमूसा म्हणतात, गोव्यातून आणि मोझांबिकमधून आलेल्या आपल्या लोकांनी नेलेले, आता पूर्ण तिथलेच झालेत. बाकालाव म्हणजे खारवलेला कॉड, त्याचे फळीएवढे मोठे तुकडे दुकानात रचून ठेवलेले असतात आणि वास थेट आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराचा, आई खूश. पण सगळ्यात भारी म्हणजे तिसऱ्या, आपल्या शिंपल्या! अमेइजोआ म्हणतात, ऑलिव्ह तेलात लसूण, भरपूर कोथिंबीर, थोडी व्हाइट वाईन, वरून लिंबू, बस, दुसरा मसाला नाही. आईने पहिला घास घेतला आणि गप्प झाली, मग रस्सा पावाने पुसून पुसून संपवला आणि म्हणाली, खोबरं नसताना पण असं होऊ शकतं हे माहीत नव्हतं. हे ठिकाण ग्रासाच्या मागच्या गल्लीतलं, बाहेर हाताने लिहिलेली पाटी, आत सगळे कामावरून आलेले लोक, मेनू फक्त पोर्तुगीजमध्ये. प्लॅन केला असता तर तिथे गेलोच नसतो.

शनिवारी सकाळी गल्लीतून सगळे लोक एकाच दिशेला पिशव्या घेऊन चाललेले दिसले, त्यांच्यामागून गेलो तर सांता क्लाराच्या मैदानावर जुना बाजार भरला होता, फेइरा दा लाद्रा, मंगळवारी आणि शनिवारी असतो. जुन्या अझुलेजू टाइल्स, किल्ल्या, पितळी नळ, कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो. सुट्ट्या टाइल्स घेताना जपून, जुन्या इमारतींवरून चोरून काढलेल्या पण विकल्या जातात, आम्ही म्हणून घेतल्या नाहीत. मैदानाच्या खाली पांढरा घुमट आहे तो सांता एंग्रासियाचा, 1682 ला बांधायला घेतला आणि 1966 ला पूर्ण झाला, पोर्तुगीज लोक कधीच न संपणाऱ्या कामाला सांता एंग्रासियाचं काम म्हणतात. आणि मोरारिया चुकवू नका, 1147 ला शहर ख्रिस्ती राजाने घेतल्यावर मुसलमानांना किल्ल्याबाहेर जिथे राहू दिलं तो हा भाग, आज तिथेच बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं आहेत, कढीपत्ता मिळतो. एका बोळात भिंतींवर तिथल्याच म्हाताऱ्या रहिवाशांचे मोठे काळे-पांढरे फोटो लावलेत, राजाचे, संतांचे नाहीत, तिथे राहणाऱ्या बायकांचे आणि माणसांचे. आई प्रत्येक फोटोसमोर थांबली.

एक गोष्ट जड मनाने लिहिते. ग्लोरियाच्या चढावरच्या गाडीत आम्ही दोनदा बसलो होतो, आपल्या सप्तशृंगी गडावरच्या ट्रॉलीसारखी, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, 1885 पासूनची. आईचा तो सगळ्यात आवडता प्रवास होता. 3 सप्टेंबर 2025 ला तीच गाडी केबल सुटून घसरली आणि 16 माणसं गेली. बातमी आली त्या रात्री आईचा फोन आला आणि दोघी बराच वेळ काही बोललोच नाही. ज्यांची माणसं गेली त्यांचं काय झालं असेल. तेव्हा चढावरच्या गाड्यांपैकी काय चालू आहे ते निघण्याआधी नक्की बघा, आणि पासाचा हिशोब त्यांना धरून करू नका, ट्राम, बस आणि मेट्रोवर सुद्धा तो वसूल होतो.

शेवटच्या संध्याकाळी काइश दू सोद्रेहून कासील्याशची फेरी, म्हणजे प्रवासी बोट, घेतली, तेजू नदीच्या पलीकडे, दहा मिनिटांत पोचते. साध्या पासात फेरी येत नाही हे लक्षात ठेवा, फेरीसकटचा थोडा महाग प्रकार वेगळा मागावा लागतो, आणि लोकल ट्रेनसकटचा अजून वेगळा, शहराबाहेर सिंत्रा किंवा काश्काइशला जायचं असेल तर तो. पलीकडे उतरलं की नदीकाठावरून समोर पूर्ण लिस्बन, टेकड्यांवर रचलेलं, मावळतीला गुलाबी झालेलं. मे महिन्यात नऊपर्यंत उजेड असतो. आई बोट दाखवून विचारत होती, आपली खोली कुठली, कार्मो कुठलं, मेस्त्री बसला होता तो चढ कुठला, आणि सगळं तिला बरोबर सापडत होतं, एक दिवसही नकाशा न बघता.

पासला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा यासाठी कापला की साध्या प्रकारात फेरी नाही. एकट्याने, तरुण वयात, दिवसभर पायीच फिरणार असाल तर चार दिवसांत एखादा पास पुरे होईल, पण आईवडील बरोबर असतील तर जास्त विचार न करता घ्या. राहायला ग्रासा किंवा काम्पू द ओरीक बघा, बाइशापेक्षा शांत आहेत आणि दोन्हीकडून 28 जाते, खोलीच्या भाड्यावर माणशी रात्रीला 4 युरो शहराचा कर वेगळा द्यावा लागतो तो धरून चाला. आणि कार्ड फेकू नका, वर्षभर त्याच्यावर परत पास भरता येतो.